लॉ कॅपचा ऑप्शन फॉर्म: क्रम मनातला लावा, अंदाजाचा नको

कॅप म्हणजे सीईटीनंतरची राज्याची एकत्रित प्रवेश प्रक्रिया आणि ऑप्शन फॉर्म म्हणजे तिच्यात भरायची कॉलेजांची पसंतीयादी. प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतच्या एका ताईंच्या मुलीला पाच वर्षांच्या एलएलबीच्या एमएच-सीईटीत ८८ पर्सेंटाइल मिळाले आहेत. प्रवर्ग ओबीसी. जात वैधता प्रमाणपत्र अजून हातात नाही, अर्ज केल्याची पावती आहे. घरची द्राक्षबाग. क्लॅटही (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) दिली होती, तिथे जमलं नाही. ओळखीचे एक सर म्हणतात, 'कॅपच्या नादी लागू नका, पुण्यात मॅनेजमेंटमधून जागा करून देतो, आत्ता टोकन द्या.' ताई विचारतात: टोकन द्यावं का? ऑप्शन फॉर्म भरायचाच तर क्रम कसा लावायचा? आणि पोरीला पुण्याला धाडावं की नाशिकलाच ठेवावं?

ताई, टोकन देऊ नका. हा मुद्दा आधी मिटवू, म्हणजे बाकीचं शांत डोक्याने करता येईल.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. भाचीच्या प्रवेशात आम्ही घरच्यांनी मिळून जो घोळ घातला, तो निस्तरता निस्तरता हा विषय मला चिकटला. आता जून-जुलैत मेहेर सिग्नलजवळच्या माझ्या ऑफिसात पक्षकारांपेक्षा पालकच जास्त बसलेले असतात. त्यांच्यातल्या निदान दोघा-तिघांना कुणीतरी 'सर' भेटलेले असतातच.

हे सर काय करतात ते सांगतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजात काही जागा संस्था पातळीवर भरतात, हे खरं आहे. पण त्या जागांनाही नियम आहेत. कॉलेजने जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि झालेल्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता घ्यायची. फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. दोन्ही प्राधिकरणं २०१५ च्या कायद्याने आली. ठरलेल्या फीवर वरचे पैसे, म्हणजे आपण ज्याला डोनेशन म्हणतो, ते घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. मग सर कशाचे पैसे घेतात? जो अर्ज तुम्ही कॉलेजच्या खिडकीवर जाऊन स्वतः भरू शकता, तो भरून देण्याचे. मुलगी यादीत लागली तर म्हणणार 'मी करून दिलं', नाही लागली तर म्हणणार 'वरून प्रेशर आलं'. टोकन मात्र परत येत नाही.

याहून मोठं नुकसान वेगळंच आहे आणि ते सर तुम्हाला सांगणार नाहीत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर बसलेल्या मुलीला ही सवलत नाही. म्हणजे टोकन देऊन तुम्ही पाच वर्षांची फीमाफी सोडून द्याल. एवढा एक हिशोब सरांपुढे ठेवा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा, मलाही उत्सुकता आहे.

आता कागदपत्रं. सगळं ऑप्शन फॉर्मवर ठरतं असं लोकांना वाटतं, पण माझ्या टेबलावर जी प्रकरणं रडत येतात त्यातली निम्मी कागदांची असतात. सीईटी सेलच्या पोर्टलवर नोंदणी केली, कागद अपलोड केले की ते ऑनलाइन तपासले जातात. काही कमी असलं तर अर्ज त्रुटीसह परत येतो आणि ठरलेल्या तारखेच्या आत दुरुस्त करून पाठवावा लागतो. मेसेज बघायचा राहिला आणि तारीख गेली, तर प्रवर्गाचा दावा जाऊन मुलगी सरळ ओपनमध्ये पडते. म्हणून नोंदणीला मोबाइल नंबर घरातलाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर आणि कॅफेवाल्यानेच ठेवलेला पासवर्ड, हे मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी तेवढाच चिडतो. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी, तिन्ही मुलीच्या हातात पाहिजेत. उद्या तिला वकील व्हायचंय, स्वतःचा अर्ज तरी तिला सांभाळू दे.

तुमची पावती. पावतीवर अर्ज घेतात का आणि मूळ वैधता प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत दाखवावं लागतं, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ते पान काढा, तारखेला लाल पेनाने गोल करा आणि फ्रीजवर चिकटवा. त्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर ओबीसीच्या कोट्यातली जागा टिकत नाही. फक्त वाट बघत बसू नका. नाशिकची जात पडताळणी समिती पुणे रोडला नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवनात आहे. पावती घेऊन एकदा स्वतः जा आणि फाइल कुठे अडली आहे ते विचारा. बहुतेक वेळा अडलेली असते ती जुन्या पुराव्यावर. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा बघतात. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, गाव नमुन्याची जुनी नोंद, असं काहीतरी. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर ते प्रमाणपत्र आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, काम खूप सोपं होतं. लासलगावच्या एका कुटुंबाने चार महिने हेलपाटे घातले आणि शेवटी कळलं की सख्ख्या चुलतभावाला नोकरीच्या वेळी वैधता मिळालेली होती. भाऊबंदकीत बोलणं बंद, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं.

(हे वाचणाऱ्यांत अनुसूचित जमातीचे कुणी असतील तर त्यांची समिती वेगळी. जुन्या आग्रा रोडला गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात चौकशी करायची, सामाजिक न्याय भवनात रांग लावून दिवस घालवू नका.)

नॉन-क्रिमिलेअर. प्रमाणपत्र 'आहे' एवढ्यावर थांबू नका, त्याची वैधता कधीपर्यंत आहे ते बघा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय, त्याच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू हवं. एका मुलाने प्लास्टिकच्या फोल्डरमधून इतकं नीट जपलेलं प्रमाणपत्र काढून दिलं की मला कौतुक वाटलं. खाली बघितलं तर त्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली आणि महिना जूनचा. सेतूवर गर्दी, तलाठी आप्पा पंचनाम्याला गेलेले आणि तारखेला पाच दिवस राहिलेले. मिळालं, पण त्या पाच दिवसांत त्याच्या वडिलांचं वजन उतरलं असेल. आणि एक, बागाईतदारांचा नेहमीचा गैरसमज: 'यंदा द्राक्षाला भाव लागला, आपण क्रिमिलेअरमध्ये गेलो.' क्रिमिलेअरच्या ८ लाखांच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला मागतात तो मात्र कुटुंबाच्या सगळ्या उत्पन्नाचा असतो. दोन वेगळे दाखले, दोन वेगळे हिशोब. तहसील कार्यालयात हे दोन्ही एकत्र कालवू नका.

बाकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, सीईटीचं स्कोअरकार्ड. पात्रता म्हणून बारावीला ओपनला ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० लागतात, तिथे तुमचा प्रश्न नाही. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना ते बघा. 'दीपाली' एकीकडे आणि 'दिपाली' दुसरीकडे, यावरून अडत नाही म्हणणारे खूप भेटतील. अडलं की तेच फोन उचलत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ऑप्शन फॉर्म.

आधी एक समजून घ्या. ८८ पर्सेंटाइल म्हणजे ८८ मार्क नव्हेत. परीक्षा देणाऱ्या साधारण ८८ टक्के मुलांच्या ती पुढे किंवा बरोबरीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रवेशाला कामाचा आकडा म्हणजे अंतिम गुणवत्ता यादीतला तिचा क्रमांक. आधी तात्पुरती यादी लागते, तिच्यावर हरकत घ्यायला दिवस मिळतात, मग अंतिम यादी येते. तात्पुरत्या यादीत प्रवर्ग, बारावीचे टक्के, डोमिसाइल बरोबर आलेत का ते बघा. चूक असेल तर तेव्हाच बोलायचं. अंतिम यादी लागल्यावर बोलून उपयोग नाही.

मग संगणक काय करतो? तो गुणवत्ता क्रमाने एकेक मुलाला घेतो. तुमच्या मुलीची पाळी आली की तिची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे तिला बसणारी पहिली जागा शिल्लक दिसेल, ती देतो. ओबीसीची मुलगी मेरिटवर ओपनच्या जागेत बसत असेल तर तिला तीही मिळते. ओबीसी लिहिलं म्हणून ओपनचा दरवाजा बंद होत नाही.

यातून एक साधी गोष्ट निघते आणि ती पालकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी तसूभरही कमी होत नाही. समजा तुमच्या मुलीने पहिलं पुण्याचं आयएलएस लिहिलं, दुसरं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, तिसरं पुण्याचंच डीईएसचं नवलमल फिरोदिया, चौथं नाशिकचं एनबीटी. पहिली तिन्ही मिळाली नाहीत. आता नाशिकसाठी ती रांगेत तिथेच उभी आहे, जिथे नाशिक पहिल्या नंबरला लिहूनही उभी राहिली असती. तिच्याहून खालच्या मेरिटची मुलगी, तिने नाशिक पहिलं लिहिलंय म्हणून, तिच्या पुढे जाऊ शकत नाही. 'पहिला ऑप्शन वाया गेला' असं काही नसतंच. हे एसटी बसच्या आरक्षणासारखं नाही, की खिडकीजवळची सीट मागितली आणि मिळाली नाही तर उभं राहून जा.

मग लोक चुकतात कुठे? दोन ठिकाणी. आणि दोन्ही चुका एकमेकींच्या बरोबर उलट्या.

पहिली चूक आमच्याच घरातली. भाचीला जायचं होतं पुण्याला. पण माझ्या मेहुण्यांना भीती, की पुणं मिळालं नाही तर काय. म्हणून 'सेफ राहू दे' म्हणत नाशिकचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं, पुणं दुसऱ्या-तिसऱ्याला. मी शेजारीच बसलो होतो आणि मान डोलावली, हे कबूल करतो. पहिल्या फेरीत नाशिक मिळालं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. पुण्याच्या ज्या कॉलेजवर तिचा जीव होता, त्याचा कटऑफ दुसऱ्या फेरीत तिच्या क्रमांकाच्या खाली उतरला. यादी उलटी लिहिली असती तर ती तिथे बसली असती, आणि पुणं नसतं मिळालं तर नाशिक होतंच. आज ती चांगली वकिली करते, पण दिवाळीला घरी आली की 'मामा, सेफ राहू दे का?' असं विचारून चहात साखर घालते.

दुसरी चूक बागलाणातल्या एका मुलीची. तिची आई प्रिंटआउट हातात घेऊन माझ्या ऑफिसात आली, बसायलाही तयार नव्हती. झालं असं, की मुलीने आठ-दहा कॉलेजं भरभर लिहिली होती. तिसऱ्या नंबरला मुंबईचं एक कॉलेज, कारण मैत्रिणीने लिहिलं होतं. पाचव्याला नाशिक. पहिल्या फेरीत नाशिक मिळालं, घरात पेढे वाटले. 'बेटरमेंट'ला, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतलं वरचं कॉलेज मिळवायच्या संधीला, हो म्हणून ठेवलं, कारण फुकट मिळतंय तर का सोडा. दुसऱ्या फेरीत मुंबईचं ते तिसरं कॉलेज लागलं. वरचा पर्याय मिळाला की खालची जागा आपोआप जाते आणि लगेच दुसऱ्याला दिली जाते. आई म्हणत होती, 'साहेब, आम्हाला मुंबई नकोय, आमची नाशिकची परत द्या.' राहायला जागा नाही, नात्यात कुणी नाही, मुलगी १८ वर्षांची. मी काहीही करू शकत नव्हतो. मुंबईची जागा घेतली नाही तर कॅप संपलं आणि संस्था पातळीवरच्या जागेवर गेलं तर फीमाफी गेली. त्या मुलीने शेवटी एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी दिली.

म्हणून माझ्याकडे फॉर्म भरायची पद्धत ठरलेली आहे. कॉम्प्युटर बंद. कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. मुलगी लिहिते, आई-वडील बघतात. आधी जिथे जिथे जायला खरंच तयार आहे, ती सगळी कॉलेजं कशाही क्रमाने लिहायची. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारायचा: 'फक्त हेच मिळालं, तर ऑगस्टमध्ये तू तिथल्या वर्गात बसलेली असशील का?' उत्तर द्यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की ते नाव खोडायचं. राहिलेल्यांतून दोन-दोन उचलायची: ही दोन्ही उद्या समोर ठेवली तर कुठलं घेशील? तेवढ्यावर क्रम लागतो. कटऑफ या सगळ्यात कुठेच येत नाही. कटऑफ बघायचा तो शेवटी, यादी पुरेशी लांब आहे ना, खाली दोन-तीन ठिकाणं अशी आहेत ना जिथे तिचा नंबर नक्की लागेल, एवढं तपासायला. तेव्हाही गेल्या वर्षीचा पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा, दोन्ही आकडे बघा, आणि तेही तिच्या प्रवर्गाचे. निव्वळ पहिल्या फेरीचा कटऑफ बघून बरेच जण घाबरून चांगलं कॉलेज लिहीतच नाहीत.

इथे ओबीसी मुलांसाठी एक खाचखळगा आहे. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या खासगी संस्थांना एससी, एसटी, ओबीसीचं आरक्षण लागू नसतं. मुंबईत अशी कॉलेजं बरीच आहेत. तिथे तुमच्या मुलीला त्या समाजाबाहेरच्या सर्वसाधारण जागांसाठी ओपनच्या मेरिटवर झगडावं लागेल. सीट मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जागांच्या तक्त्यात, कॉलेजच्या नावापुढे दर्जा लिहिलेला असतो, तो वाचा. लिहायला हरकत नाही, फक्त तिथल्या ओबीसी जागेच्या भरवशावर राहू नका, कारण ती नाहीच.

आणि हो, फॉर्म भरून 'सेव्ह' केलं म्हणजे झालं नाही. तो कन्फर्म करावा लागतो. कन्फर्म झाल्यावर प्रिंट काढा आणि पेन्सिलच्या कागदाशी एकेक ओळ पडताळून बघा. शेवटच्या रात्री साइट रांगते, लाइट जाते आणि पिंपळगावला पाऊस असतो. दोन दिवस आधी उरका.

आता पुणं की नाशिक. इथे मी माझं मत सांगतो, नियम नव्हे.

आयएलएस १९२४ चं, मुंबईचं शासकीय कॉलेज १८५५ चं. डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते. या दोन ठिकाणी जागा लागली तर मी कुणालाही 'डोळे झाकून जा' म्हणतो. ग्रंथालय, मूट कोर्ट, सोबतची हुशार मुलं, मोठ्या वकिलांकडे इंटर्नशिप, या गोष्टींनी फरक पडतो. ८८ पर्सेंटाइलवर ही दोन्ही अवघड आहेत, पण वर लिहायला काय जातं ते आत्ताच बघितलं. काही जात नाही.

त्याखाली उतरलं की मात्र मी नाशिककर होतो. पुण्याचं फक्त नाव पुण्याचं असलेलं कॉलेज, तासांना शिक्षक नाहीत, मुलं परीक्षेपुरती येतात, असं असेल तर त्यापेक्षा नाशिक कितीतरी बरं. नाशिकची कॉलेजंही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच, म्हणजे पदवी तीच, पेपर तेच. कॉलेज रोडला एनबीटी आहे, गंगापूर रोडला मविप्रचं, सिडकोत नवजीवन. पाच वर्षांच्या जागा कुठे किती, ते त्या वर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्ये बघा. पिंपळगावहून महामार्गाने जेमतेम तीस किलोमीटर. मुलगी रोज बसने ये-जा करू शकते. पुण्यात खोली, मेस, येण्याजाण्याचा खर्च तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडाल. फीमाफी मिळूनही हा खर्च खिशातूनच जातो. नाशिक-पुणे रेल्वे झाली की वेगळा विचार करू, तोवर शिवशाही आणि संगमनेरचा चहा.

दुसरं कारण कोर्टाचं. मुलीला पुढे न्यायाधीश व्हायचं आहे असं तुम्ही लिहिलंय. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे पदवी झाली की लगेच परीक्षा, हा रस्ता आता नाही. पदवी, सनद (वकिलीचा परवाना), मग किमान तीन वर्षं कोर्ट. ती तीन वर्षं तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजतात, एवढा दिलासा आहे. आता विचार करा, ही वकिली ती कुठे करणार? घरच्या जिल्ह्यातच असेल तर पाच वर्षं नाशिकमध्ये शिकताना सुट्टीत कुणा सीनियरच्या ऑफिसात बसणं, सीबीएसजवळच्या कोर्टात जाऊन साक्ष कशी घेतात ते बघणं, निफाडच्या कोर्टात जमिनीच्या वाटणीचे दावे ऐकणं, हे सगळं फुकटात मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियर मुलांत मी फरक बघतो. कॉलेजात असताना कोर्टाची पायरी चढलेल्या मुलाला वकीलपत्र, रोजनामा, तहकुबी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

कॉलेज कुठलंही असो, दोन गोष्टी बघा. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे ना ते. ती नसेल तर पाच वर्षांनंतर सनदेच्या खिडकीवर अडकायला होतं. आणि रोज वर्ग भरतात का ते. नियमाने ७० टक्के हजेरी लागते. प्रवेश घेण्याआधी एका साध्या मंगळवारी सकाळी साडेनऊला जाऊन कॉलेजच्या आवारात अर्धा तास उभे राहा. कॉलेजच्या माहितीपत्रकात जे छापलेलं नसतं, ते तिथे दिसतं.

क्लॅटबद्दल थोडंसं, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. महाराष्ट्रातली तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, क्लॅटमधून भरतात. त्यांचं काउन्सेलिंग पूर्ण वेगळं आणि बरंच आधी सुरू होतं. तिथे जागा मिळाली की फ्रीज (हीच जागा पक्की), फ्लोट (ही धरून वरच्याची वाट) किंवा एक्झिट (बाहेर पडणं) यातलं एक निवडायचं असतं आणि जागा धरून ठेवायला पैसे भरावे लागतात. क्लॅटमधून काठावर जागा लागलेली असेल तर राज्याच्या कॅपची नोंदणी सोडू नका. दोन्हीकडे पाय ठेवायला बंदी नाही, प्रवेश मात्र एकाच ठिकाणी.

जागा लागल्यावर ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजात हजर व्हायचं, मूळ कागद दाखवायचे, फी किंवा माफीचा अर्ज. महाडीबीटीवरचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, माफीचा अर्ज मुलीलाच भरायचा असतो, कॉलेज भरत नाही. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते आत्ताच बघा, कारण ऑक्टोबरमध्ये बँकेत यासाठी लागणारी रांग मी पाहिली आहे. आणि कुठल्याही कॉलेजने 'मूळ कागद इथेच ठेवा, बेटरमेंट मिळालं की परत देऊ' म्हटलं, तर पोच घेतल्याशिवाय एक कागद देऊ नका.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच, ताई: नासर्डी पुलावर जाऊन फाइलचं विचारा, नॉन-क्रिमिलेअरची तारीख बघा आणि मुलीला कागद-पेन्सिल देऊन बसवा. तिने केलेली यादी मला दाखवायला आणायची असेल तर दुपारी चारनंतर या, तोवर मी कोर्टात असतो. पेनाने लिहिलेली नको.